किल्ली एकाच्या हाती, कुलूप दुसऱ्याच्या दारी

अमेरिकेत नवशिक्या गुंतवणूकदाराला उद्देशून जे साहित्य आज प्रसिद्ध होते, त्यात एका शब्दाची मोठी चलती आहे. तो शब्द म्हणजे ‘टर्नकी’. शब्द तसा जुनाच. परकीय कंपनीने पायापासून धुराड्यापर्यंत सबंध कारखाना उभारून द्यायचा आणि किल्ली सरकारच्या हाती ठेवायची, अशा करारांना भारतातही ‘टर्नकी प्रकल्प’ म्हटले जात असे. आता हाच शब्द माणसांच्या राहत्या घरांना लावला जातो. मेम्फिस, क्लीव्हलँड, इंडियानापोलिस, बर्मिंगहॅम अशा, घरे स्वस्त असलेल्या शहरांत एखादी कंपनी जुने घर विकत घेते, त्याची डागडुजी करते, आत भाडेकरू बसवते आणि भाडेकरूसकट ते घर हजारो मैलांवरच्या एखाद्या शिक्षिकेला, परिचारिकेला किंवा संगणक अभियंत्याला विकते. भाडेवसुलीचे काम पुढेही तीच कंपनी किंवा तिची भगिनी कंपनी पाहते. खरेदीदाराने घर डोळ्यांनी पाहण्याचीही गरज नसते. महिन्याच्या महिन्याला बँकेत रक्कम जमा होत राहील, एवढेच त्याला सांगितलेले असते.

या धंद्याचे फायदे आणि तोटे सांगणाऱ्या याद्या ठराविक साच्याच्या असतात. एका बाजूला सोय, नियमित उत्पन्न, करसवलत. दुसऱ्या बाजूला थोडी जास्त किंमत, थोडा कमी नफा, व्यवस्थापकावर विसंबून राहणे. दोन्ही बाजू मांडल्या की निःपक्षपाती सल्ला दिल्याचे समाधान सल्लागारालाही मिळते आणि वाचकालाही. परंतु या दोन्ही बाजू एकाच माणसाच्या आहेत. ज्याच्या मजुरीतून ते भाडे निघते, जो त्या घरात राहतो, ज्याची मुले त्या छपराखाली झोपतात, त्या भाडेकरूसाठी या वहीत रकानाच नाही. हा रकाना विसरून राहिलेला नाही. तो लिहिला गेला तर साऱ्या हिशोबाचे स्वरूपच पालटेल, म्हणून तो वगळला जातो. आणि तो वगळून केलेला हिशोब अखेरीस त्या नवशिक्या गुंतवणूकदारालाही फसवतो.

फायद्यांची बाजू

विरोधकाची बाजू तोडूनमोडून मांडणे हे समाजवादी कार्यकर्त्याचे काम नव्हे. या योजनेच्या बाजूने जे सांगितले जाते, त्यात तथ्याचा अंश आहे. सॅन होझे किंवा न्यू यॉर्कसारख्या शहरांत पगारदार माणसाला राहते घर घेणे दुरापास्त झाले आहे. मेम्फिसमधले घर मात्र त्याच्या बचतीच्या आवाक्यात येते. अशा शहरांत नोकरी करणाऱ्यांत मराठी अभियंतेही आले, आणि त्यांच्यापुढेही हे आमिष ठेवले जाते. नोकरी सांभाळून गवंडी, नळकारागीर, वकील आणि भाडेकरू यांच्यामागे धावण्याची सवड त्यांच्यापाशी नसते. ती सारी यातायात दुसरा कोणी करीत असेल तर ती खरीच सोय आहे. शिवाय ओसाड पडलेले, खिडक्यांना फळ्या ठोकलेले एखादे घर दुरुस्त होऊन त्यात पुन्हा दिवा लागला, तर शेजाऱ्यांनाही हायसे वाटते. हे नाकारण्याचे कारण नाही.

परंतु सोय फुकट मिळत नाही. तिची किंमत कोण घेतो, कधी घेतो आणि कोणाकडून घेतो, हे प्रश्न विचारताच चित्र बदलू लागते.

आकड्यांची कसोटी

उदाहरणादाखल एक हिशोब मांडून पाहावा. आकडे कल्पित आहेत, पण या धंद्यातील नेहमीच्या प्रमाणाला धरून आहेत. घराची किंमत १ लाख २० हजार डॉलर. गुंतवणूकदाराने पदरचे २५ टक्के, म्हणजे ३० हजार डॉलर घातले आणि उरलेले ९० हजार सात टक्के व्याजाने तीस वर्षांच्या मुदतीवर कर्जाऊ घेतले. हप्ता महिना सुमारे ६०० डॉलर. भाडे १,२००. व्यवस्थापन कंपनीचा वाटा दहा टक्के म्हणजे १२०, मालमत्ता कर १५०, विमा १००. सारे वजा जाता हाती राहतात २३० डॉलर. वर्षाचे झाले सुमारे २,७६०. म्हणजे ३० हजारांवर नऊ टक्क्यांहून थोडे अधिक. माहितीपुस्तिका येथे संपते, आणि नवशिक्याचा उत्साह येथे सुरू होतो.

आता पुस्तिकेच्या पुढचे पान उलटावे. वर्षात एक महिना घर रिकामे राहिले तर त्याचा बोजा महिना १०० डॉलर. जुन्या घराच्या दुरुस्तीसाठी भाड्याच्या दहा टक्के बाजूला काढले तर १२०. २३० मधून २२० गेले, उरले १०. नवा भाडेकरू शोधून देण्याबद्दल व्यवस्थापन कंपनी बहुधा वेगळी दलाली घेते. ती अर्ध्या महिन्याच्या भाड्याइतकी धरली आणि भाडेकरू दोन वर्षांनी बदलला, तर महिना २५ डॉलर आणखी गेले. म्हणजे नफा संपून तोटा सुरू झाला. छप्पर अद्याप गळलेले नाही, भट्टी अद्याप बंद पडलेली नाही, कोर्टाची पायरी अद्याप चढावी लागलेली नाही.

व्याजदराचा फरक यात किती निर्णायक आहे, हे गेल्या काही वर्षांनी दाखवून दिले आहे. अमेरिकेत तीस वर्षांच्या गृहकर्जाचा सरासरी दर २०२१ च्या आरंभी तीन टक्क्यांच्या खाली होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो आठ टक्क्यांच्या जवळ पोहोचला. गुंतवणुकीच्या घरासाठी हा दर सामान्यतः आणखी चढा असतो. स्वस्त पैशाच्या काळात रचलेली स्वप्ने महाग पैशाच्या काळातही त्याच शब्दांत विकली गेली, एवढाच या धंद्याच्या प्रामाणिकपणाचा पुरावा!

आता विकणाऱ्या कंपनीचा हिशोब. तिने तेच घर ७० हजारांना घेतले आणि २५ हजार दुरुस्तीवर खर्च केले असे समजावे. विक्रीच्या दिवशी २५ हजार डॉलर तिच्या पदरात पडले. गुंतवणूकदाराला पुस्तिकेतले उत्पन्न विनाखंड मिळत राहिले, तरी एवढी रक्कम जमवायला त्याला नऊ वर्षे लागतील. कंपनीने ती एका दिवसात घेतली आणि वर दरमहा दहा टक्क्यांचा वाटाही बांधून घेतला. घर रिकामे राहिले, छप्पर गळले, भाव कोसळला, तर जोखीम कोणाची? अर्थात ज्याच्या हाती किल्ली त्याची. किल्ली हाती देण्याच्या या समारंभात घरापेक्षा जोखमीचेच हस्तांतर मोठे असते. नफा रोखीने विक्रेत्याकडे जातो आणि धोका खरेदीदाराच्या नावावर चढतो.

लबाडीचीही तेथे वाण नाही. शिकागोच्या दक्षिण भागातील घरांत पैसा गुंतवण्याच्या नावाखाली ९०० हून अधिक गुंतवणूकदारांकडून किमान साडेतेरा कोटी डॉलर जमवणाऱ्या एका कंपनीविरुद्ध अमेरिकेच्या रोखे आयोगाने २०१८ साली कारवाई केली. बारा ते वीस टक्क्यांच्या परताव्याचे वचन देण्यात आले होते. प्रत्यक्षात जुन्यांचे व्याज नव्यांच्या भांडवलातून दिले जात होते, असा आयोगाचा आरोप होता. इंडियानापोलिसमध्येही, विकत घेतलेली घरे ना दुरुस्त झाली ना त्यांत भाडेकरू आले, अशा तक्रारी घेऊन दूरदूरचे खरेदीदार न्यायालयात गेले. पण फसवणुकीच्या उदाहरणांवरच बोट ठेवले तर मूळ प्रश्न निसटतो. कायदेशीर, चोख आणि सभ्य व्यवहारातही हिशोबाची रचना वर मांडली तीच असते.

घर स्वस्त का होते?

नवशिक्याला सांगितले जाते की मेम्फिस आणि क्लीव्हलँड येथील घरे किमतीने स्वस्त आहेत आणि त्या मानाने भाडे मात्र चांगले येते. जणू काही तेथील मातीचाच हा गुण! ही स्वस्ताई कोठून आली, हे कोणी सांगत नाही.

१९३० च्या दशकात अमेरिकेच्या सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांवर लाल रंग आला. लाल म्हणजे कर्जासाठी धोकादायक. ज्या काळात गोऱ्या मध्यमवर्गाला सरकारी हमीच्या कर्जावर उपनगरांत घरे मिळाली, त्या काळात या वस्त्यांना बँकेची दारे बंद राहिली. मार्टिन ल्यूथर किंग १९६६ साली शिकागोच्या लॉनडेल भागातील एका मोडकळीच्या इमारतीत मुद्दाम राहावयास गेले, ते याच गलिच्छ वस्त्यांच्या आणि त्यांवर पोसलेल्या मालकांच्या विरोधातील लढ्यासाठी. १९६८ साली मेम्फिसमध्ये कचऱ्याच्या गाडीत दोन सफाई कामगार चिरडून मेले आणि सुमारे १,३०० कृष्णवर्णीय कामगार संपावर गेले. आपण माणूस आहोत, एवढेच त्यांच्या हातातील फलकांवर लिहिलेले होते. त्या संपाला पाठिंबा देण्यासाठी आलेल्या किंग यांची ४ एप्रिल रोजी त्याच शहरात हत्या झाली. घराच्या विक्रीत आणि भाड्यात वर्णभेद करण्यास बंदी घालणारा कायदा त्यानंतर आठवड्याभरात, ११ एप्रिल रोजी संमत झाला. तो कायदा व्हायला एवढी किंमत मोजावी लागली.

कायदा झाला, पण लूट थांबली नाही. तिने रूप बदलले. ज्या वस्त्यांना पूर्वी कर्ज नाकारले जात होते, त्यांच्याच गळ्यात २००८ च्या आधीच्या काळात चढ्या व्याजाची, जाचक अटींची कर्जे मारण्यात आली. मेम्फिस शहर आणि शेल्बी परगणा यांनी २००९ साली एका बलाढ्य बँकेवर याच आरोपाखाली दावा लावला; २०१२ साली तडजोड झाली. क्लीव्हलँडमधील स्लाव्हिक व्हिलेज ही कामगारवस्ती तर त्या सुमारास जप्त्यांच्या लाटेचे देशभरातील उदाहरण ठरली. १९५० साली सव्वानऊ लाखांच्या घरात असलेली क्लीव्हलँडची लोकसंख्या २०२० मध्ये पावणेचार लाखांच्या आत आली होती. पोलादाच्या आणि यंत्रांच्या कारखान्यांनी आधी रोजगार नेला, बँकांनी मागून घरे नेली.

मग गिधाडांची पाळी आली. जप्तीतील घरे मातीमोल भावाने विकत घेऊन ती भाड्याने देण्यासाठी २०१२ पासून बड्या वित्तसंस्थांनी स्वतंत्र कंपन्या काढल्या. त्यांतील सर्वांत मोठ्या कंपनीच्या मालकीची घरे पुढे ऐंशी हजारांवर गेली. बड्यांनी वेचून उरलेल्या ताटातले छोट्या गुंतवणूकदारांना वाढण्याची सोय म्हणजे ही टर्नकी घरे. कालपर्यंत ज्या घराचा हप्ता एक कामगार भरत होता, त्याच घराचे भाडे तो किंवा त्याचा शेजारी आज भरतो. आणि त्या भाड्यातून परक्या शहरातील दुसऱ्या पगारदाराचा हप्ता फिटतो. स्वस्त घर आणि चढे भाडे यांचा मेळ येथे बसतो. घर स्वस्त, कारण वस्ती लुटलेली. भाडे चढे, कारण लुटलेल्याला दुसरीकडे जाण्याची सोय नाही.

मॅथ्यू डेस्मंड आणि नेथन विल्मर्स या समाजशास्त्रज्ञांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले की, गरीब वस्त्यांतील घरांची किंमत जेवढी कमी असते, तेवढे तेथील भाडे कमी नसते. परिणामी गरीब वस्तीतील मालकाचा नफा सधन वस्तीतील मालकापेक्षा जास्त निघतो. मग नवशिक्याला तो का मिळू नये? कारण हा नफा विक्रेत्या कंपनीने घराच्या किमतीत आधीच वसूल केलेला असतो. गरिबाकडून जे जास्तीचे भाडे उकळले जाईल, त्याची भविष्यातली रक्कम ती आजच घेऊन मोकळी होते. नवशिका मालक नंतर केवळ वसुलीच्या रांगेत उभा राहतो आणि त्या रांगेतही त्याच्या आधी बँक व व्यवस्थापन कंपनी उभी असते.

गैरहजर मालक, हजर दुःख

भाडेकरूचा रकाना आता भरता येईल. दोन हजार मैलांवरील मालकाला भाडेकरूचे तोंड ठाऊक नसते आणि भाडेकरूला मालकाचे नाव ठाऊक नसते. दोघांच्या मध्ये एक कार्यालय असते आणि त्या कार्यालयाचे हित दोघांच्याही विरुद्ध असू शकते. दुरुस्ती लांबली तर भाडेकरूचे हाल. दुरुस्ती झाली तर बिल मालकाच्या माथी. थंडीत भट्टी बंद पडली, भिंतीला बुरशी चढली, जुन्या रंगातले शिसे मुलांच्या पोटात जाऊ लागले, तर दाद कोणाकडे मागायची? क्लीव्हलँडच्या गृहनिर्माण न्यायालयात हा प्रश्न वर्षानुवर्षे येत राहिला. तेथील न्यायाधीश रेमंड पियान्का यांनी परराज्यांतील कंपन्या समन्स बजावूनही हजर राहत नाहीत असे पाहून त्यांच्या गैरहजेरीतच सुनावण्या घेतल्या आणि जबर दंड ठोठावले. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या शहराच्या नगरपरिषदेने नियम केला की, परगण्याबाहेरच्या मालकाने घराची जबाबदारी घेणारा स्थानिक माणूस नेमून दिलाच पाहिजे. घराला जबाबदार माणूस असावा, एवढी साधी गोष्टही कायद्याने सांगावी लागली!

करपद्धतीही याच बाजूने झुकलेली आहे. अमेरिकेत भाड्याच्या राहत्या घराची इमारत साडेसत्तावीस वर्षांत झिजते असे करकायदा मानतो आणि त्या घसाऱ्याची वजावट मालकाला दरवर्षी देतो. वरच्या उदाहरणात जमीन सोडून इमारतीची किंमत ९६ हजार धरली, तर वर्षाला सुमारे ३,४९० डॉलरचा घसारा कागदावर दाखवता येतो. पुस्तिकेतले सारे उत्पन्न त्यात झाकून जाते. घर तेवढे झिजले असो वा नसो, त्याची किंमत वाढत असली तरीही ही वजावट मिळते. ज्याच्या भाड्यावर हा डोलारा उभा, त्या भाडेकरूला मात्र त्याने भरलेल्या भाड्याबद्दल केंद्रीय आयकरात एका डॉलरचीही वजावट नाही. झीज मालकाच्या घराची मोजली जाते. कष्टकऱ्याच्या देहाची झीज कोणत्याही कायद्याला मोजता येत नाही.

हा प्रश्न इथला आहे काय?

मेम्फिसच्या भाडेकरूचे दुःख महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांनी का वाहावे, असे कोणी विचारील. उत्तर असे की, शब्द तिकडचा असला तरी रोग इकडेही पसरला आहे. पुणे, ठाणे, नवी मुंबई येथील बिल्डरांच्या जाहिरातींतून ‘गुंतवणुकीसाठी उत्तम’ हे शब्द ‘राहण्यासाठी उत्तम’ या शब्दांच्या आधी येऊ लागले. ठराविक वर्षे निश्चित भाड्याची हमी, सजवलेला फ्लॅट, व्यवस्थापनाची सोय, ही अमेरिकन टर्नकीचीच देशी आवृत्ती होय. येथेही त्या हमीची रक्कम फ्लॅटच्या किमतीत मिसळून टाकणे बिल्डरला अवघड नसते. तसे झाले तर खरेदीदाराला मिळते ते भाडे नसून त्याचेच पैसे हप्त्याहप्त्याने परत आलेले असतात.

याचा सामाजिक परिणाम आकड्यांत दिसतो. २०११ च्या जनगणनेत भारतातील शहरांत १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. केंद्र सरकारच्याच २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालाने नमूद केले की, रिकाम्या घरांत मुंबईचा क्रमांक पहिला असून तेथे सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी होती. त्याच जनगणनेनुसार मुंबईतील चाळीस टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहत होते. आणि त्याच अहवालानुसार, शहरी घरांतील भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ मधील ५४ टक्क्यांवरून २०११ मध्ये २८ टक्क्यांवर घसरले होते. एका बाजूला कुलूपबंद फ्लॅट, दुसऱ्या बाजूला पत्र्याखाली तापणारी माणसे. घर ही राहण्याची जागा न राहता पैसा साठवण्याची तिजोरी बनली की असेच व्हायचे. तिजोरी रिकामी असली तरी मालकाचे बिघडत नाही. भाव वाढला म्हणजे झाले.

२०२० च्या टाळेबंदीने या व्यवस्थेचे कातडे सोलून दाखवले. मजुरांकडून महिनाभर भाडे मागू नये, असा आदेश केंद्रीय गृहमंत्रालयाने २९ मार्च २०२० रोजी काढला. पण रोजगारच गेलेला माणूस दुसऱ्या महिन्याचे भाडे कोठून देणार? लाखो कामगार मुंबई-पुण्यातून पायी चालू लागले, त्याचे एक कारण भूक होते आणि दुसरे भाडे. अमेरिकेतही तेव्हा भाडेकरूंना घराबाहेर काढण्यावर तात्पुरती बंदी आली. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली. या काळात कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेला छोटा मालक आणि काम गेलेला भाडेकरू एकमेकांसमोर उभे ठाकले. दोघेही पगारदार, दोघेही भयभीत. ज्या कंपनीने एकाला घर विकले आणि दुसऱ्याला त्यात बसवले, तिने आपला नफा केव्हाच उचललेला होता.

नवशिक्या गुंतवणूकदार शत्रू नव्हे

येथे कार्यकर्त्यांनी एक चूक टाळली पाहिजे. आयुष्यभराच्या पुंजीतून एखादा फ्लॅट भाड्याने देण्यासाठी घेणाऱ्या निवृत्त शिक्षकाला जमीनदार ठरवून झोडपणे सोपे आहे. त्यातून हाती काही लागत नाही. तो घरमालक का होऊ पाहतो, हे आधी समजून घ्यावे लागेल. त्याला म्हातारपणाची धास्ती आहे, आणि ती धास्ती खोटी नाही.

अमेरिकेत ठराविक निवृत्तिवेतनाची हमी खासगी नोकऱ्यांतून हळूहळू नाहीशी झाली आणि तिची जागा शेअर बाजारावर हिंदकळणाऱ्या खात्यांनी घेतली. १९७८ च्या करकायद्यातील एका कलमाने त्याला वाट करून दिली. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर शासकीय सेवेत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाकारण्यात आले. त्यासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचारी व शिक्षक संपावर गेले, हे कार्यकर्त्यांच्या स्मरणात असेल. ज्या समाजाने म्हातारपणाची सामुदायिक हमी काढून घेतली, तो समाज प्रत्येकाला सांगतो की, तुझा तू सावकार हो. मग एक पगारदार दुसऱ्या पगारदाराच्या भाड्यावर आपले म्हातारपण बांधू पाहतो. कामगाराच्या एकजुटीचा भंग करण्यासाठी याहून सोयीची युक्ती कोणती? निवृत्तिवेतनासाठी मोर्चात चालणारा माणूस संध्याकाळी घरी येऊन भाडेवाढीची नोटीस लिहू लागतो, आणि त्यात काही विसंगती आहे असे त्याला वाटतही नाही.

छोट्या मालकीच्या मोहाबद्दल फ्रेडरिक एंगेल्स यांनी १८७२ सालीच आपल्या घरांच्या प्रश्नावरील लेखमालेत इशारा दिला होता. घरांच्या टंचाईवर उपाय म्हणून प्रत्येक कामगाराला छोटासा मालक बनवण्याची कल्पना त्या वेळीही युरोपात लोकप्रिय होती. टंचाई निर्माण करणारी व्यवस्था तशीच ठेवून केवळ मालकांची संख्या वाढवल्याने टंचाई हटत नाही, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा आजही शिळा झालेला नाही.

मग भाड्याची घरे कोण बांधणार?

खासगी गुंतवणूकदार नसेल तर भाड्याची घरे येणार कोठून, असा सवाल या धंद्याचे समर्थक टाकतात. सवाल रास्त आहे, आणि त्याला इतिहासाने उत्तर दिलेले आहे. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नातील समाजवादी नगरपालिकेने १९२३ मध्ये घरबांधणीसाठी चढत्या दराचा खास कर बसवला. झोपडीवर कमी, हवेलीवर जास्त. त्या पैशातून १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे उभी राहिली. फॅसिस्टांनी त्या वसाहतींवर तोफा डागल्या, पण घरे टिकली. आज व्हिएन्नाच्या नगरपालिकेच्या मालकीची सुमारे २ लाख २० हजार घरे आहेत आणि शहरातील जवळपास निम्मे लोक नगरपालिकेच्या अथवा अनुदानित घरांत राहतात. तेथे शिक्षक आणि ट्रामचालक एकाच जिन्यावर भेटतात. भाडेकरू असणे ही तेथे हलकी गोष्ट मानली जात नाही.

मुंबईलाही सार्वजनिक भाड्याच्या घरांचा अनुभव नाही असे नाही. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथील बी.डी.डी. चाळी १९२० च्या दशकात सरकारी खात्याने बांधल्या. बांधणी कोंदट होती, खोल्या अपुऱ्या होत्या, आणि सरकारचा हेतूही परोपकाराचा नव्हता. तरी पिढ्यान् पिढ्या गिरणी कामगारांना त्या चाळींनी आसरा दिला; चळवळींनाही दिला. परकीय सरकारला जे शंभर वर्षांपूर्वी ओबडधोबड का होईना करता आले, ते स्वतंत्र देशातील सर्वांत श्रीमंत शहराला करता येऊ नये, हे पटण्यासारखे नाही.

यातून कार्यक्रमाची दिशा स्पष्ट होते. भाड्याने दिलेल्या प्रत्येक घराची सार्वजनिक नोंद असावी आणि तीत खऱ्या मालकाचे नाव असावे. बाहेरगावच्या मालकाने स्थानिक जबाबदार माणूस नेमलाच पाहिजे. घरातून काढण्याचा दावा लागलेल्या गरीब भाडेकरूला सरकारी खर्चाने वकील मिळावा. न्यू यॉर्क शहराने २०१७ साली असा कायदा केला. गुंतवणुकीसाठी कुलूपबंद ठेवलेल्या घरांवर खास कर बसवावा. कॅनडातील व्हँकुव्हर शहराने २०१७ पासून तो बसवला आहे. त्या कराच्या पैशातून महानगरपालिकांनी स्वतःची भाड्याची घरे बांधावीत. आणि या सर्वांच्या जोडीला प्रत्येक श्रमिकाला निवृत्तिवेतनाची हमी मिळावी. ही शेवटची मागणी पहिल्या मागण्यांपासून तोडता येत नाही. म्हातारपण सुरक्षित झालेल्या माणसाला दुसऱ्याच्या छपराचा मालक होण्याची गरज उरत नाही.

तोवर ज्याला कोणी टर्नकी घराची पुस्तिका दाखवील, त्याने दोन प्रश्न विचारावेत. हे घर इतके फायद्याचे असेल तर विकणारा ते स्वतःकडे का ठेवत नाही? आणि त्या घरात राहणाऱ्या कुटुंबाची मजुरी किती, त्यातून भाडे गेल्यावर त्यांच्या ताटात काय उरते? पहिल्या प्रश्नाने त्याची स्वतःची बचत वाचेल. दुसरा प्रश्न विचारू लागणाऱ्यांची संख्या वाढली, तर मेम्फिसमधील सफाई कामगार, वरळीच्या चाळीतील कुटुंब आणि पेन्शनसाठी रस्त्यावर उतरलेला शिक्षक यांचा लढा एकच आहे, हे समजावून सांगण्यासाठी कोणत्याही पत्रकाची गरज राहणार नाही. ते समजावण्याचे काम मात्र आज कार्यकर्त्यांनाच करावे लागेल, आणि त्याची सुरुवात स्वतःच्या वस्तीतील कुलूपबंद घरे मोजण्यापासून करता येईल.